आंतोनी व्हान लेव्हेनहूक आणि दाताची कीड

दात पोखरला गेला म्हणजे त्यास कीड लागली, असे म्हणण्याची आपल्या मराठीत रूढी आहे. धान्यास कीड लागते, लाकडास वाळवी लागते, त्याचप्रमाणे दातातही एखादी अळी शिरून त्यास आतून कुरतडीत असावी, अशी समजूत या शब्दप्रयोगाच्या मुळाशी आहे. आम्ही लहान असताना आमच्या आजोळी एक वृद्ध बाई दाताची कीड काढून देत असत. भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकावयाचे, त्याची धुरी नळीने दुखऱ्या दाढेपर्यंत न्यावयाची आणि मग रोग्याने पाण्याच्या वाटीत थुंकावयाचे, असा त्यांचा विधी असे. वाटीत बारीक पांढरे कण तरंगू लागले म्हणजे हीच ती कीड, असे त्या मोठ्या खात्रीने सांगत. आमच्या दाढेतूनही एकदा अशी कीड निघाली. दोन दिवस ठणका थांबला, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा सुरू झाला, आणि वर्षाच्या आत ती दाढ आम्हांस कायमची गमवावी लागली. वाटीतील ते कण उष्णतेने फुटलेल्या बियांतले होते, दाढेतले नव्हते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे मात्र कोणी समजू नये. प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दाताच्या अळीचा उल्लेख आढळतो, आणि युरोपातही शेकडो वर्षे लोक खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी घेऊन अशीच कीड काढवून घेत असत. या अळीची प्रत्यक्ष परीक्षा करणारा, आणि त्याहूनही अधिक म्हणजे दातांवर खरोखर कोण राहते हे जगात प्रथम पाहणारा पुरुष वैद्य नव्हता, पंडित नव्हता. तो हॉलंडमधील एक कापडाचा दुकानदार होता. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक. सूक्ष्मजंतूंचा आद्य द्रष्टा म्हणून त्याचे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच असेल. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत, आणि तेही विशेषेकरून दातांच्या संबंधाने.

लेव्हेनहूकचा जन्म 24 ऑक्टोबर 1632 रोजी डेल्फ्ट या गावी झाला. निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्यांकरिता हे गाव पुढे प्रसिद्धीस आले. त्याचे वडील टोपल्या विणण्याचा धंदा करीत. आंतोनी अवघा पाच-सहा वर्षांचा असताना ते निवर्तले. आईने पुढे दुसरा विवाह केला आणि मुलास शिक्षणाकरिता दुसऱ्या गावी पाठविले. काही काळ तो आपल्या एका नातलगाच्या घरीही राहिला. विद्यापीठाचे दार त्याने कधी पाहिले नाही. त्या काळी युरोपातील सर्व विद्या लॅटिन भाषेत कोंडलेली होती आणि लेव्हेनहूक यास मातृभाषेवाचून दुसरी भाषा येत नव्हती. सोळाव्या वर्षी त्यास ॲम्स्टरडॅम येथे एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. गज धरून कापड मोजणे, पोत पारखणे, हिशेब लिहिणे हेच त्याचे शिक्षण.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या शतकात ॲम्स्टरडॅम हे साखर शुद्ध करण्याचे युरोपातील मोठे केंद्र होते. ब्राझील व वेस्ट इंडीज येथील मळ्यांत गुलामांच्या घामावर पिकलेली साखर जहाजांतून तेथे येई आणि तेथील कारखान्यांतून युरोपभर जाई. जी वस्तू पूर्वी केवळ श्रीमंतांच्या ताटी व औषधांच्या दुकानी दिसे, ती हळूहळू सामान्य माणसाच्या घरात शिरू लागली होती. या गोष्टीचा दातांशी काय संबंध, ते पुढे येईलच.

1654 साली लेव्हेनहूक डेल्फ्टला परतला, त्याने विवाह केला आणि कापडाचे दुकान थाटले. 1660 साली त्यास नगरसभागृहाच्या व्यवस्थेची एक सरकारी जागाही मिळाली. पोटापाण्याची चिंता मिटली. पण संसारातील दुःख चुकले नाही. त्याच्या पाच अपत्यांपैकी मारिया नावाची एकच कन्या जगली, आणि 1666 साली पत्नीही वारली. याच गावी लेव्हेनहूकच्याच जन्मवर्षी जन्मलेला योहानेस व्हर्मीर हा थोर चित्रकार 1675 साली कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचे काम नगराने लेव्हेनहूक याजवरच सोपविले होते. यावरून गावात त्याच्या सचोटीविषयी काय मत होते, ते समजून येते.

कापडाचे व्यापारी धाग्यांची वीण तपासण्याकरिता भिंग वापरीत असत. लेव्हेनहूकला या भिंगाचाच छंद लागला. काचेचा लहानसा मणी घासून, पुसून त्याचे अतिशय बारीक भिंग करावयाचे, पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पत्र्यांच्या मध्ये ते बसवावयाचे, पाहावयाची वस्तू पाठीमागे एका टाचणीवर ठेवावयाची, आणि मळसूत्राने ती पुढे-मागे सरकवून, यंत्र डोळ्याशी लावून उजेडाकडे पाहावयाचे, अशी त्याची रीत. हे यंत्र माणसाच्या मुठीत सहज मावेल एवढेच असे. तरीही त्याच्या आज उपलब्ध असलेल्या यंत्रांपैकी सर्वोत्तम यंत्रातून वस्तू सुमारे 270 पट मोठी दिसते. अशी शेकडो भिंगे त्याने स्वहस्ते तयार केली.

1673 साली डेल्फ्टमधील राइनियर द ग्राफ या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस लेव्हेनहूकची ओळख करून दिली. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, हा दुकानदार त्या विद्वन्मंडळास साध्या बोलीत पत्रे लिहीत राहिला. मधमाशीची नांगी, उवेचे पाय, रक्ताचे कण, मिऱ्याचे पाणी, जे हाती येईल ते त्याने भिंगाखाली ठेवले. 1676 च्या ऑक्टोबरातील पत्रात त्याने पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन केले, तेव्हा लंडनच्या विद्वानांस ते खरे वाटेना. लेव्हेनहूक रागावला नाही. त्याने आपल्या गावातील धर्मोपदेशक, नोटरी वगैरे प्रतिष्ठित गृहस्थांस बोलावून ते जीव दाखविले व त्यांच्या साक्षी लेखी घेऊन पाठविल्या. पुढे 1677 साली रॉबर्ट हूक यानेही लंडनमध्ये ते जीव सभासदांस दाखविले आणि शंका फिटली. 1680 साली त्या सोसायटीने लेव्हेनहूकला आपला सभासद करून घेतले. पण तो सोसायटीच्या सभेस एकदाही गेला नाही. त्याचे दुकान, त्याचे भिंग आणि त्याचे गाव एवढेच त्याचे जग होते.

आता आपण 17 सप्टेंबर 1683 या दिवशीच्या पत्राकडे वळू. त्या वेळी लेव्हेनहूकला एक्कावन्नावे वर्ष सरत आले होते, आणि आपल्या वयाच्या मानाने आपले दात फार स्वच्छ व मजबूत आहेत याचा त्यास योग्य अभिमान होता. रोज सकाळी तो मिठाने दात घाशी, तोंड धुई, जेवणानंतर पिसाच्या काडीने दाढा कोरी आणि वर कापडाने त्या पुशी. इतकी काळजी घेऊनही दाढांच्या फटीत कालवलेल्या पिठासारखा पांढरा लेप थोडासा राहतोच, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. दुसरा कोणी असता तर चूळ भरून मोकळा झाला असता. लेव्हेनहूकने तो लेप काढून, ज्यात एकही जीव नाही अशी आधी खात्री करून घेतलेल्या पावसाच्या पाण्यात तो कालविला, आणि भिंगाखाली ठेविला.

त्याने जे पाहिले, ते तोपर्यंत कोणाही मानवाने पाहिलेले नव्हते. त्या कणभर लेपात असंख्य जीव वळवळत होते. काही शिकारी माशासारखे सरळ सुळकन जात, काही भोवऱ्यासारखे गरगर फिरत, आणि काही तर इतके बारीक व इतके दाट होते की चिलटांचा थवा उडत असल्याचा भास व्हावा. त्याने त्यांची चित्रेही काढवून घेतली. जगात सूक्ष्मजंतूंची जी चित्रे प्रथम प्रसिद्ध झाली, ती मनुष्याच्या दातांवरील जंतूंची होत, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. आपल्या एकट्याच्या मुखात जितके जीव वसती करून आहेत, तितकी माणसे आपल्या सबंध देशात नाहीत, असा हिशेब या काटेकोर व्यापाऱ्याने मांडला.

केवळ आपल्याच तोंडावर भिस्त ठेवील तर तो लेव्हेनहूक कसला? त्याने दोन स्त्रियांच्या, एका आठ वर्षांच्या मुलाच्या आणि दोन वृद्धांच्या दातांची परीक्षा केली. त्यांपैकी एका म्हाताऱ्याने जन्मात कधी दात घासले नव्हते. त्याच्या दातांवर या जीवांचा इतका सुळसुळाट होता की प्रत्यक्ष पाहणाऱ्यासही तो खरा वाटू नये.

यानंतर त्याने जो प्रयोग केला, तो आमच्या मते या सर्व हकिकतीत सर्वांत बोधप्रद आहे. तीव्र शिर्क्यात हे जीव मरतात, असे त्यास भिंगाखाली दिसले होते. म्हणून त्याने शिर्क्याने दात व हिरड्या चांगल्या भिजविल्या आणि मग पुन्हा लेप काढून पाहिला. पाहतो तो आतले जीव जिवंतच! लेपाच्या बाहेरच्या अंगाचे तेवढे मेले. आत शिर्का पोहोचलाच नाही. तोच लेप बाहेर काढून शिर्क्यात कालविला, तेव्हा मात्र सर्व मेले. यावरून दातांवरील जंतू हे सुटे भटके नसून चिकट तटाच्या आत वस्ती करून राहणारे नागरिक आहेत, हे उघड झाले. नुसत्या गुळण्यांनी हा तट ढासळत नाही. तो घासूनच मोडावा लागतो. आजचे दंतवैद्य आपणांस जो उपदेश करितात, त्याचे बीज या एका प्रयोगात आहे.

काही वर्षांनी त्याने पुन्हा आपल्या पुढच्या दातांवरील लेप पाहिला, तेव्हा त्यात एकही जीव हलताना दिसेना. विचार करिता त्यास आठवले की आपण अलीकडे सकाळी कढत कॉफी पीत असतो. त्या उष्णतेनेच हे जीव मरत असावेत. मग त्याने मागील दाढा तपासल्या. तेथे कॉफीची धग पोहोचत नसल्याने जीव जिवंत होते. ही कारणपरंपरा पाहून शाळेत न शिकलेल्या या माणसाला शास्त्रज्ञ म्हणावयाचे नाही तर कोणास म्हणावयाचे?

आणि आता ती अळी. 1700 च्या सुमारास लंडनहून त्याजकडे काही अळ्या आल्या. कोणा रोग्याच्या किडक्या दातास धुरी देऊन त्या बाहेर काढल्या आहेत, असे सांगण्यात आले होते. लेव्हेनहूकने त्यांची थट्टा केली नाही किंवा त्यांवर विश्वासही ठेविला नाही. त्याने जुन्या चीजमध्ये होणाऱ्या अळ्या मिळविल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्या एकाच जातीच्या होत्या! दाताची म्हणून जी कीड लंडनहून आली, ती वस्तुतः चीजची कीड होती. डेल्फ्टच्या या दुकानदाराच्या टाचणीवर त्या जुन्या समजुतीचे असे पितळ उघडे पडले. आमच्या आजोळच्या त्या वाटीची आठवण आम्हांस हे वाचताना झाल्याशिवाय राहिली नाही.

लेव्हेनहूकची कीर्ती आता दूरवर पसरली होती. 1698 साली रशियाचा सम्राट पीटर हॉलंडला आला असता त्याने लेव्हेनहूकला आपल्या नौकेवर बोलाविले. लेव्हेनहूकने त्यास एका माशाच्या शेपटीतील रक्ताभिसरण दाखवून थक्क केले. पण या मोठेपणास एक उणेपणाही होता, आणि तो सांगणे चरित्रलेखकाचे कर्तव्य आहे. आपली उत्तम भिंगे व अतिसूक्ष्म जीव पाहण्याची आपली खास युक्ती त्याने कोणास दाखविली नाही. त्याने शिष्य केले नाहीत. 26 ऑगस्ट 1723 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो मरण पावला. अखेरच्या आजारातही त्याने आपली निरीक्षणे लंडनला पाठविण्याची व्यवस्था केली, आणि चांदीची सव्वीस यंत्रे रॉयल सोसायटीस देण्याचे ठरवून ठेविले. पण युक्ती त्याजबरोबरच गेली. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

दुसरे असे की, दातांवर राहणाऱ्या या जीवांचा दात किडण्याशी काही संबंध असेल का, हा प्रश्न त्याच्या हातून पुरा सुटला नाही. त्याने रहिवासी पाहिले. ते तेथे कोणता उद्योग करितात, हे मात्र त्यास उमगले नाही. युक्ती लुप्त झाल्यामुळे पुढे शंभराहून अधिक वर्षे कोणी त्या वाटेने गेलेच नाही. इतक्या काळात किती लोकांनी किती दाढा व्यर्थ गमावल्या असतील, याचा विचार मनास चटका लावितो. आपणांस ठाऊक असलेली चांगली गोष्ट दुसऱ्यास शिकवून ठेवणे, हेही शोधाइतकेच महत्त्वाचे कार्य होय.

तो अर्धा राहिलेला प्रश्न सोडविण्याचे काम विलोबी मिलर या अमेरिकन गृहस्थाने केले. 1853 साली ओहायओ राज्यात जन्मलेला मिलर दंतवैद्य होऊन जर्मनीत बर्लिन येथे राहिला व तेथील विद्यापीठात अध्यापक झाला. रॉबर्ट कॉख याने जंतुशास्त्राचा पाया तेथेच घातला होता. मिलरने उपटलेले दात लाळेत ठेविले, त्या लाळेत पावाचा चुरा अथवा साखर मिसळली, आणि शरीराइतक्या उबेत ते मिश्रण ठेविले. काही काळाने त्यात आम्ल उत्पन्न झाले आणि दाताचे कठीण कवच मऊ पडले. लाळ आधी उकळून तिच्यातील जंतू मारून टाकले, तर आम्ल झालेच नाही. पावाऐवजी मांस किंवा चरबी घातली, तर दात तसे मऊ झाले नाहीत. 1890 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हा सिद्धान्त मांडला. पुढे 1924 साली लंडनमध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा काढला. या कामी तो प्रमुख समजला जातो. पण तो एकटा नसतो, इतरही जंतू त्याच्या जोडीस असतात.

मिलरचा सिद्धान्त आमच्या घरोघरी समजेल असा दृष्टान्त देऊन सांगू. रात्री दुधास विरजण लावितात आणि सकाळी त्याचे आंबट दही होते. विरजणातील जंतू दुधातील साखर खातात व तिचे आम्ल करितात. आपल्या दातांवरील लेप हेही एक विरजणच होय. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला, की हे जंतू त्यावर आपले पोट भरतात आणि आम्ल टाकतात. दाताचे वरचे चकचकीत कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य खरे. पण ते कॅल्शियमचे असल्यामुळे आम्लापुढे टिकत नाही. अंड्याचे कवच लिंबाच्या रसात टाकून पाहा, म्हणजे ही गोष्ट डोळ्यांनी दिसेल.

मग एक घास गोड खाताच सर्वांचे दात का गळून पडत नाहीत? कारण लाळ ही आपली परिचारिका आहे. ती आम्ल धुऊन टाकते व विरघळलेली खनिजे दातास परत देते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच लेपात आम्ल वाढते, आणि ते निवण्यास अर्धा तास ते एक तास लागतो, हे 1940 नंतरच्या दशकात स्टीफन या संशोधकाने मोजून दाखविले. यावरून असे दिसते की, किती गोड खाल्ले याप्रमाणेच किती वेळा खाल्ले यालाही फार महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदा लाडू खाणारा मुलगा दातांवर एकदाच आम्लाचा मारा करितो. पण तेवढीच साखर चॉकलेट, गोळ्या, चिक्की व गोड बिस्किटे यांच्या रूपाने दिवसभर चघळणारा मुलगा लाळेस दुरुस्तीची उसंतच देत नाही. हानी दुरुस्तीहून अधिक होत गेली म्हणजे दातावर आधी खडूसारखा पांढरा डाग पडतो. या अवस्थेत दात अद्याप सावरू शकतो. पुढे खळगा पडला म्हणजे मात्र तो आपला आपण भरून येत नाही, आणि ठणका सुरू होईपर्यंत रोग बहुधा दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला असतो. धुरीने ठणका थांबला तरी खळगा तसाच राहतो, हे आमच्या दाढेने आम्हांस शिकविले.

लेव्हेनहूक व मिलर यांच्या शोधांतून आपणांस जे आचरावयाचे, ते थोडके व सोपे आहे. सकाळी आणि विशेषतः रात्री निजण्यापूर्वी ब्रशाने दोन मिनिटे दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीची स्वच्छता सर्वांत मोलाची. दाढांची मागची बाजू व फटी विसरू नयेत. लेव्हेनहूकची कॉफीही तेथे पोहोचली नव्हती! पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी, कारण ते द्रव्य कवचास आम्लापुढे टिकण्याचे बळ देते. मात्र लहान मुलांस ती अगदी थोडी द्यावी व गिळू देऊ नये. आणि यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत ज्या गावांच्या विहिरींत हे द्रव्य मुळातच अधिक आहे, तेथे दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. खाल्ल्यावर चूळ भरण्याची आपल्या आजीची शिस्त उत्तम आहे. ती सोडू नये, पण तीवरच विसंबूही नये. मिशेरी ही तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. ती घरात येऊच देऊ नये.

पालकांस आमची एक स्वतंत्र विनंती आहे. मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसल्यामुळे पुष्कळजण तिला दुधाचीच समजतात आणि पुढे पडणारच म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करितात. ती पडणारी नव्हे. ती जन्माची सोबतीण आहे, आणि तीच सर्वांत आधी पोखरली जाण्याचा संभव असतो. आमची जी दाढ गेली ती हीच. तान्ह्या मुलास गोड दुधाची बाटली तोंडात देऊन निजविण्याची सवयही अशीच घातक आहे. ठणका लागण्याची वाट न पाहता मुलांस वेळोवेळी दंतवैद्याकडे नेऊन आणावे.

विद्यार्थी मित्रहो, लेव्हेनहूकपाशी पदवी नव्हती, पंडितांची भाषा नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. जी गोष्ट इतरांनी घाण म्हणून थुंकून टाकली, तीच त्याने उजेडासमोर धरली, आणि स्वतःच्या स्वच्छ दातांविषयीचा अभिमानही सत्याच्या आड येऊ दिला नाही. दात किडणे हे कोणा अळीचे कर्म नाही व नशिबाचा भोगही नाही. बव्हंशी ते आपल्या रोजच्या सवयींचे फळ आहे. म्हणूनच ते टाळणेही बव्हंशी आपल्याच हाती आहे. आज रात्री निजण्यापूर्वी ब्रश हाती घ्याल, तेव्हा मेणबत्तीपाशी बसून आपल्याच दातांवरील कणभर लेप न्याहाळणाऱ्या डेल्फ्टच्या त्या कापडव्यापाऱ्याची आठवण करा, आणि मागच्या दाढेपर्यंत ब्रश न्यावयास विसरू नका.